तिसरं उत्तर चुकीचं

किल्ल्यांचा जुडगा फ्रीजमध्ये, दुधाच्या पातेल्यामागे सापडला, तेव्हा मास्तरांनी जराही वेळ न घालवता सांगून टाकलं, "मीच ठेवला."

मास्तर, काकू आणि त्यांना भेटायला आलेला मुलगा, तिघेही तासभर शोधत होते. मुलगा पलंगाखाली शिरून धूळ खाऊन आला होता, काकूंनी कपाटाचे सगळे खण उपसले होते आणि मास्तर आपल्याच कोटाचे खिसे चौथ्यांदा उलटे करत होते. शेवटी चहा करायला म्हणून मुलाने फ्रीज उघडला आणि किल्ल्या खळखळ करत त्याच्या पायावर पडल्या. त्याने आधी आईकडे पाहिलं. काकूंचा चेहरा एकदम उतरला. तो उतरलेला चेहरा पाहिला आणि मास्तरांच्या तोंडून ते शब्द निघून गेले.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणकामाचे. चव्वेचाळीस वर्षं एकाच गाळ्यात, एकाच मशीनवर ते कपडे शिवत आले होते. गिऱ्हाइकं मास्तर म्हणत म्हणून सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणे आणि त्यांच्या बायकोला काकू. वय अडुसष्ट, पण सुईत दोरा पहिल्याच फटक्यात जायचा. किल्ल्या त्यांनी ठेवल्या नव्हत्या, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते सकाळपासून गाळ्यावर होते आणि किल्ल्या काकूंकडे होत्या.

पण काकूंचं अलीकडे काहीतरी बिनसलं होतं. बोलता बोलता त्या मध्येच थांबायच्या. उभ्या उभ्या दमायच्या. आणि काकूंच्या आई म्हातारपणी सगळं विसरल्या होत्या, शेवटी शेवटी तर पोटच्या मुलीला "तुम्ही कोण" म्हणून विचारायच्या. त्या दिवसांत काकू माहेराहून परत आल्या की दोन दोन दिवस कुणाशी बोलत नसत. तेच आपल्या वाट्याला येणार या धास्तीने ही आता झुरणीला लागेल, असं मास्तरांना वाटलं. त्यापेक्षा चूक आपल्या नावावर गेली तर बिघडलं कुठे? शिवणीत दोन चुका जास्त, दोन कमी.

पुढे मग सवयच लागली. रिकामं पातेलं गॅसवर करपलं. मास्तर म्हणाले, "मीच ठेवलं होतं." एकाच आठवड्यात तीनदा साखर आली. "मीच आणली." काकूंच्या भावाला वाढदिवसाचा फोन सकाळी झाला आणि संध्याकाळी पुन्हा झाला. "मीच हिला म्हटलं, सकाळी केला नाहीस." दर वेळी काकूंचा चेहरा आणखी थोडा उतरायचा आणि दर वेळी मास्तर आणखी ठासून सांगायचे.

मुलगा त्यांचा विमा कंपनीत दाव्यांची छाननी करायचा. त्याच्या हातात पुरावा पडला की त्याची नोंद झालीच पाहिजे. त्याने मोबाइलमध्ये यादी सुरू केली, तारीख, वेळ, घटना. चौदाव्या नोंदीनंतर तो गाळ्यावर आला आणि काही न बोलता इस्त्रीची वायर काढून पिशवीत घालून घेऊन गेला. मास्तरांना त्या दिवशी एक अख्खा सूट चुरगळलेलाच द्यावा लागला. सतराव्या नोंदीनंतर तो आईबाबांसमोर बसला आणि म्हणाला, की गाळा आता बंद करू, तुम्ही दोघं माझ्याकडे राहायला या. त्याचं घर सहाव्या मजल्यावर होतं. चांगलं होतं, पण तिथे मशीन ठेवायला जागा नव्हती. मशीन ठेवलं असतं तर कपाट गॅलरीत गेलं असतं.

निदान आधी डॉक्टरांना दाखवू, असंही तो म्हणाला, आणि मास्तर लगेच गेले ते हे टाळायला. डॉक्टरांनी तपासलं, डोक्याचे फोटो काढायला लावले, ते ठीक निघाले. मग त्यांनी एक चिठ्ठी लिहून दिली. स्मरणशक्ती, लक्ष, भाषा, आकडेमोड असं मेंदूचं एकेक काम नीट तपासायला एक मानसशास्त्रज्ञ मॅडम आहेत, त्यांची दोन-अडीच तासांची चाचणी असते, ती करून या, मग बघू.

मास्तर घरी आले आणि त्यांच्या लक्षात आलं, की आपण चांगलेच कात्रीत सापडलो आहोत. चाचणीत नापास झालो, तर गाळा गेला. पास झालो, तर मुलगा लगेच विचारणार, बाबांचं डोकं ठीक आहे तर मग किल्ल्या कुणी ठेवल्या? आणि घरात माणसं मोजून दोन.

म्हणजे नापास व्हायचं नाही आणि पासही व्हायचं नाही. काठावर बसायचं.

त्याच आठवड्यात एक निवृत्त मुख्याध्यापक पँटची कंबर सैल करून घ्यायला आले. मास्तरांनी टेप लावता लावता सहज विचारल्यासारखं विचारलं, एखाद्याला अगदी काठावरचेच मार्क पाहिजे असतील तर त्याने काय करावं? मुख्याध्यापकांना वाटलं, नातवाची चौकशी आहे. ते गंभीर झाले. त्यांनी सांगितलं, की पेपर तपासण्यात हयात गेली, पण हे सर्वांत अवघड काम. ज्याला काही येत नाही तो खाली जातो, येतं तो वर जातो. बरोबर मधोमध उभं राहायला सगळं यावं लागतं आणि वर मोजतही राहावं लागतं.

"कसं मोजायचं?" मास्तरांनी विचारलं.

"दोन बरोबर, एक चूक," मुख्याध्यापक म्हणाले. "पोट आत घेऊ का सोडू?"

"सोडा," मास्तर म्हणाले. त्यांचं ठरलं होतं.

चाचणीच्या दिवशी मुलाने दोघांना दवाखान्याच्या दारात सोडलं आणि संध्याकाळी न्यायला येतो म्हणून तो कचेरीत गेला. मॅडम तिशी-पस्तिशीच्या होत्या, आवाज शांत, टेबलावर एक घड्याळ, दोन पेन्सिली आणि पाण्याचा ग्लास. त्यांनी आधी दोघांना आत बसवून काय काय होणार ते समजावलं. आधी एकट्या काकांशी काम करीन, नंतर काकूंशी वेगळं बोलेन, मधे दमलात तर थांबू. काकूंनी जाता जाता मास्तरांच्या कोटाची कॉलर सारखी केली आणि त्या बाहेर बाकावर जाऊन बसल्या.

सुरुवातीला तर चाचणीसारखं काही वाटेचना. ऐकू नीट येतं का, हाच चष्मा वाचायचा का, शिक्षण किती, झोप लागते का, सकाळी खाल्लं का, मन उदास असतं का. मास्तरांनी हे प्रश्न मोजायचे की नाही, याचा विचार केला आणि न मोजायचं ठरवलं. मग मॅडमनी कागद पुढे ओढला आणि आजची तारीख विचारली. मास्तरांनी मनात म्हटलं, एक. तारीख बरोबर सांगितली. वार विचारला. दोन. बरोबर. मग वर्ष विचारलं.

तीन. मास्तरांनी गेलं साल सांगितलं. फार मागे जायला मन धजेना.

मॅडमनी लिहून घेतलं. पुढची दोन उत्तरं ठीक गेली. सहावा प्रश्न होता, आपण आत्ता कितव्या मजल्यावर आहोत. दवाखाना तीन मजल्यांचा. मास्तर म्हणाले, "नववा."

मॅडमनी खिडकीबाहेर पाहिलं. तिथे झाडाचा बुंधा दिसत होता. त्यांनी तेही लिहून घेतलं.

नंतर त्यांनी आकडे म्हणून दाखवले आणि ते उलट्या क्रमाने सांगायला लावले. आधी तीन आकडे, मग चार, मग पाच. मास्तर मापं तोंडपाठ ठेवणारे. छाती, कंबर, बाही, उंची, चार गिऱ्हाइकांची मापं डोक्यात घेऊन ते दुपारी जेवायला जात. त्यांनी सहा आकडेसुद्धा सरळ उलटे म्हटले, फक्त प्रत्येक तिसऱ्या वेळी शेवटच्या दोन आकड्यांची अदलाबदल केली.

घड्याळ काढायला सांगितलं, तिथे मात्र त्यांची पंचाईत झाली. गोल काढा, आकडे घाला, काटे दाखवा. हा एक प्रश्न की बारा? बारा आकडे म्हणजे बारा प्रश्न, असं त्यांनी धरलं आणि तीन, सहा, नऊ, बारा हे चार आकडे इकडचे तिकडे केले. बाकीचे आठ आकडे असे नेमके जागच्या जागी बसले होते, की जणू पट्टी लावून काढले असावेत. मॅडम त्या कागदाकडे बराच वेळ बघत राहिल्या. असं घड्याळ त्यांनी आजवर पाहिलं नसावं.

"आता एक मिनिटात 'क'ने सुरू होणारे जेवढे आठवतील तेवढे शब्द सांगा," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी दम घेतला. "कापड, कात्री, बटण. काज, कॉलर, अस्तर. कंबर, कफ, झिप. कळी, कुर्ता, सुई—"

मॅडमचा हात घड्याळावरच राहिला. मिनिट कधीच संपलं होतं, मास्तर मात्र तीनाच्या तालात पुढे चाललेच होते. त्यांना थांबवावं लागलं.

मग मॅडमनी पन्नास चित्रं एकामागून एक दाखवली. छत्री, शिडी, बदक, असलं काहीबाही. दाखवून झाल्यावर त्या म्हणाल्या, की आता दोन दोन चित्रं दाखवीन, त्यातलं आधी पाहिलेलं कोणतं ते सांगा. हे दिसायला फार कठीण होतं, म्हणून मास्तरांना बरं वाटलं. कठीण गोष्टीत चुका शोभून दिसतात. त्यांनी दोन बरोबर, एक चूक हा नेम शेवटपर्यंत पाळला. मॅडमनी पेन खाली ठेवून पुन्हा उचललं, एवढंच.

सगळं सुरळीत चाललं होतं. ठोकळे आले आणि घात झाला.

लाल आणि पांढऱ्या बाजू असलेले नऊ ठोकळे मॅडमनी समोर ठेवले आणि एका चित्रात जशी नक्षी आहे तशी जुळवायला सांगितली. मास्तरांनी हात घातला. आता ज्या माणसाने चव्वेचाळीस वर्षं चौकडीच्या कापडाचे शर्ट शिवले, खिशाची चौकड छातीच्या चौकडीशी दोऱ्याचाही फरक न ठेवता जुळवली, एका गिऱ्हाइकाची बाही रेघभर सरकली म्हणून अख्खा शर्ट उसवून पुन्हा शिवला, त्याने समोरची नक्षी वाकडी कशी सोडायची? पहिली जुळली. दुसरी जुळली. तिसरी चुकवायची म्हणून त्यांनी एक ठोकळा फिरवून ठेवला, हात मागे घेतला, आणि तो हात आपोआप पुढे जाऊन ठोकळा सरळ करून आला. त्यांनी पुन्हा फिरवला. हाताने पुन्हा सरळ केला. चौथ्या नक्षीला ते मोजायचंच विसरले. शेवटची, सर्वांत अवघड नक्षी त्यांनी जुळवली आणि छापलेल्या चित्रावर बोट ठेवून मॅडमना दाखवलं, की इथे यांची रेघ किंचित तिरकी आली आहे.

वर पाहिलं, तर मॅडम हसत होत्या. खोडी पकडल्यासारखं नाही, कुणी ओळखीचं भेटल्यासारखं.

"काका, पाणी घ्या," त्या म्हणाल्या. "थोडं थांबू आपण."

मास्तर पाणी प्यायले. मॅडमनी कागद सरळ केले आणि मग सावकाश, समजुतीने सांगायला लागल्या. ती पन्नास चित्रांची चाचणी वाटते तेवढी कठीण नसते. ज्यांना खरोखर खूप विसरायला होतं, तेसुद्धा त्यातली बहुतेक चित्रं ओळखतात. काकांची सोळा चुकली होती. आणि ती तिसरं, सहावं, नववं अशी ओळीने चुकली होती.

"सहा आकडे उलटे म्हणायचे, आणि त्याच वेळी आपली पाळी कितवी हेही डोक्यात ठेवायचं," मॅडम म्हणाल्या, "हे मला स्वतःला जमणार नाही. तुम्हाला काय होतंय, ते मला सांगाल का?"

मास्तरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. या वयात पेपरात कॉपी करताना पकडले जाऊ, असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांनी आधी टेबलाची कड चाचपली, मग चष्मा पुसला.

"मी इथे काही बोललो तर मुलाला कळेल?"

तुम्ही हो म्हटल्याशिवाय नाही, असं मॅडमनी सांगितलं. मग मास्तरांनी सगळं सांगितलं. किल्ल्या, पातेलं, साखर, काकूंच्या आई, गाळा, सहावा मजला. शेवटी ते म्हणाले, "मला काही झालेलं नाही हो. झालं असेल तर तिला झालंय. पण ते तिच्या तोंडावर कसं सांगायचं? तिच्या आईचं तिने बघितलंय."

मॅडमनी सांगितलं, की ही पास-नापासाची परीक्षा नव्हेच. कुठे काय अडतंय आणि कशाने अडतंय, ते शोधायला ही असते, आणि कधी कधी अडण्याचं कारण अगदी साधं, औषधाने बरं होणारं निघतं. काकूंवर पांघरूण घालत राहिलात, तर ते कारणही पांघरुणाखालीच राहील. मास्तरांनी मान हलवली. तुम्हीच बोला तिच्याशी, म्हणाले, पण मी इथे बसतो.

काकू आत आल्या आणि खुर्चीच्या कडेवर बसल्या. मॅडमनी सुरुवात करायच्या आत त्यांनीच पर्स घट्ट धरून विचारलं, "फार पुढे गेलंय का ह्यांचं?"

मॅडमनी हळूच विचारलं, की काकूंना असं का वाटतं.

काकूंनी नवऱ्याकडे न बघता सांगितलं, "किल्ल्या मी ठेवल्या होत्या. दूध ठेवायला गेले, तेवढ्यात फोन वाजला, हातातलं होतं नव्हतं ते सगळं आत ठेवून दिलं. फ्रीज उघडल्याबरोबर मला आठवलं. एवढी ओशाळले मी. सांगणार, तेवढ्यात हे म्हणाले, मीच ठेवला. इतकं ठासून, की मी बघतच राहिले."

मास्तरांनी तोंड उघडलं. काकू थांबल्या नाहीत.

"मग पातेलं. तेही माझंच. हे म्हणाले, मी ठेवलं. मी म्हटलं, देवा, न केलेली कामं ह्यांना केल्यासारखी वाटायला लागली. माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. न झालेल्या गोष्टी सांगायची." काकूंनी पदराने नाक पुसलं. "चारचौघांत खोटं कसं पाडणार? बिचाऱ्यांना आणखी लागलं असतं. म्हणून मी गप्प बसले. मुलाला मीच म्हटलं, एकदा डॉक्टरला दाखवू या."

मास्तर खुर्चीत पुढे सरकले. "तू म्हटलंस?"

"मग काय करणार होते मी? तुम्ही रोज एक नवीन गोष्ट केल्याचं सांगत होतात."

"अगं, तुझ्यासाठी सांगत होतो."

काकूंनी आता पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मॅडमनी पाण्याचा ग्लास काकूंपुढे सरकवला आणि स्वतः उठून खिडकी बंद केली. खिडकी आधीच बंद होती.

"साखरही तूच आणलीस?" मास्तरांनी जरा वेळाने विचारलं.

"एकदा आणली. बाकीचं नाही आठवत," काकू म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज बारीक झाला.

मॅडम पुन्हा बसल्या. आता त्यांनी काकूंना निराळे प्रश्न विचारले. थंडी जास्त वाजते का, वजन वाढलं का, त्वचा कोरडी पडते का, दिवसभर झोप येते का. काकू प्रत्येकाला हो म्हणत गेल्या. हे असलं सांगायला कुणी डॉक्टरकडे जातं का, असंही म्हणाल्या. मॅडमनी डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी लिहिली, काकूंच्या रक्ताच्या काही तपासण्या आधी करून घ्याव्यात म्हणून. मास्तरांच्या कागदांवर त्यांनी लिहिलं, की आजची चाचणी धरता येण्यासारखी नाही.

"म्हणजे पास का नापास?" मास्तरांनी न राहवून विचारलं.

"म्हणजे पेपर कोरा," मॅडम म्हणाल्या. "तीन महिन्यांनी दोघंही या. आणि काका, त्या वेळी मोजू नका."

संध्याकाळी मुलगा न्यायला आला, तेव्हा दोघांनी त्याला गाडीतच सगळं सांगून टाकलं. त्याने गाडी कडेला घेतली. मग त्याने मोबाइल काढला, यादी उघडली आणि छाननीच्या शिस्तीने सतरा ठिकाणी बाबांच्या जागी आईचं नाव घालायला घेतलं. काकूंनी मागच्या सीटवरून हात पुढे करून मोबाइल काढून घेतला आणि एकेक नोंद वाचली. अकरा माझ्या, म्हणाल्या. दोन कुणाच्याच नाहीत, उगीच लिहिल्यात. आणि या चार तुझ्या. बाथरूमचा नळ तू सोडून गेला होतास, लाइटचं बिल तुझ्याच बॅगेत होतं, दार उघडं टाकून तूच गेलास, आणि माझा चष्मा अजून तुझ्या गाडीत आहे. मुलाने समोरचा कप्पा उघडला. चष्मा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीची वायर गाळ्यावर परत आली.

काकूंच्या रक्तात थायरॉइडची कमतरता निघाली. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, आणि धीर धरा, असं डॉक्टरांनी सांगितलं. काकूंनी धीर धरला, मास्तरांना तेवढा जमला नाही. गोळीनंतर चौथ्याच दिवशी ते विचारायला लागले, काही फरक वाटतो का. फरक पडायला दोन महिने गेले. आधी काकू दुपारी झोपेनाशा झाल्या, मग वाक्यं पुरी करू लागल्या, आणि एके दिवशी त्यांनी भावाशी फोनवर असं कडाक्याचं भांडण केलं, की मास्तर समाधानाने मशीनवर जाऊन बसले.

ठरलेल्या दिवशी दोघं पुन्हा मॅडमकडे गेली. आधी काकूंची चाचणी झाली. बाहेर येऊन त्या म्हणाल्या, की दोन-चार ठिकाणी वेळ लागला, पण बाकी जमलं. मॅडमनीही तसंच सांगितलं, आणखी एक वर्षाने बघू, काळजीचं आत्ता दिसत नाही. मग मास्तर आत गेले.

आता मोजायचं नव्हतं. आणि मोजायचं नाही म्हटल्यावर मास्तरांच्या लक्षात आलं, की धरायला काहीच उरलं नाही. आधीच्या वेळी चूक झाली तर ती त्यांची होती, हातशिलाईची. आता होईल ती खरी. त्यांनी तारीख सांगितली, वर्ष सांगितलं, मजला सांगितला, घड्याळ काढलं. मॅडमनी पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले होते. मधे इतर कामं झाली आणि अर्ध्या तासाने त्यांनी ते विचारले. मास्तर म्हणाले, पूल, चादर, घंटा, सुतार. आणि थांबले. पाचवा शब्द जिभेच्या टोकावरसुद्धा नव्हता. तिथे नुसती मोकळी जागा होती. त्यांनी डोळे मिटले, उघडले, टेबलावर बोटं वाजवली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कळलं, की काकू मध्येच थांबायच्या तेव्हा त्यांना आतून कसं होत असेल.

मॅडमनी समजावलं. या वयाला एखादा शब्द सुटणं अगदी नेहमीचं आहे, बाकी सगळं उत्तम आहे, खुशाल कपडे शिवा. मास्तरांनी मान डोलावली, पण दवाखान्यातून बाहेर पडताना ते चारही शब्द पुन्हा पुन्हा घोळवत होते. बसथांब्यावर त्यांनी काकूंना हळूच विचारलं, तुझ्या यादीत कोणते शब्द होते. काकू म्हणाल्या, बाहेर सांगू नका असं मॅडमनी बजावलंय, आणि तुमची यादी वेगळी असणार. दोन बस गेल्या. तिसरी वळणावर दिसली आणि मास्तर एकदम म्हणाले, "लिंबू."

"कुठे?" काकूंनी विचारलं.

"पाचवा शब्द. लिंबू." आणि ते उलटे फिरले.

काकू मागोमाग गेल्या. मॅडमच्या दारावर पाटी होती, चाचणी सुरू आहे, दार वाजवू नये. दोघं बाकावर बसली. आता सुटू नये म्हणून मास्तर पुटपुटत राहिले, लिंबू, लिंबू. समोरून जाणाऱ्या नर्सबाईंनी एकदा वळून पाहिलं. दहा मिनिटं गेली, पंचवीस गेली, चाळीस गेली. मास्तरांच्या डोक्यात मधेच येऊन गेलं, की मॅडमनी आधीच लिहून टाकलं असेल, आता त्या काय करणार. मग वाटलं, तरी सांगितलेलं बरं. मग वाटलं, सांगताना काय म्हणायचं. तेवढ्यात दार उघडलं आणि मॅडम बाहेर आल्या.

मास्तर ताडकन उठले. "मॅडम," ते म्हणाले, "तो पाचवा शब्द. तुम्ही काळजीत राहू नये म्हणून सांगायला आलो. तो... तो म्हणजे..."

मॅडम वाट बघत उभ्या राहिल्या. मास्तरांचं तोंड उघडं ते उघडंच.

"लिंबू," काकू बाकावरूनच म्हणाल्या.

मॅडमनी एकदा ह्यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं. "मग हा शब्द नक्की कुणाला आठवला?"

"हिला," मास्तर म्हणाले.

"ह्यांना," काकू त्याच वेळी म्हणाल्या.